परफ्यूम मला स्वतःला येत नाही, बाकीच्यांना मात्र येतो. नक्की कुठला आणि किती लावायचा?

मृगजळ_७

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारूनच टाकते. मी रोज परफ्यूम लावते, दोन-तीन बाटल्या आलटूनपालटून, पण हल्ली असं व्हायला लागलंय की सकाळी लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त वाटतं आणि मग गायब, म्हणजे मनगट नाकाला चिकटवलं तरी काही नाही. म्हणून पर्समध्ये छोटी बाटली ठेवते आणि दुपारी परत दोन फवारे मारते. परवा लिफ्टमध्ये आमच्याच मजल्यावरच्या एक बाई मागे सरकून म्हणाल्या, "काय गं, बाटली फुटली का पर्समध्ये?" हसत म्हणाल्या, पण मला जे समजायचं ते समजलं. इकडे मैत्रीण म्हणते तुझा परफ्यूमच हलका आहे, ईडीटी (ओ द त्वालेत, कमी सुगंधी तेलाचं) सोड आणि ईडीपी (ओ द पार्फम, जास्त तेलाचं) घे, किंवा ते 'इंटेन्स' लिहिलेलं असतं ते घे. आता खरं कोणाचं मानू?

दुसरं म्हणजे नवीन घ्यायला दुकानात गेलं की त्या कागदाच्या पट्ट्या हुंगून हुंगून पाचव्या-सहाव्या पट्टीनंतर सगळं एकच येतं, मग काउंटरवरचे लोक कॉफीच्या बिया पुढे करतात, त्याने खरंच काही होतं का? आणि कागदावर जाम आवडलेला अंगावर वेगळाच येतो तो का? थोडक्यात निवडायचा कसा, लावायचा कुठे, आणि येत नसेल तर परत मारायचा की नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस

लिफ्टमधल्या बाईंचं माना. दुपारचे दोन फवारे आजपासून बंद. बाकीचं जाणकार सांगतीलच.

बाष्पयुक्त

खडूस यांना अनुमोदन. मी सुगंधी कच्च्या मालाच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचाच. मृगजळताई, तुमचा परफ्यूम उडालेला नाहीये, तुमच्या नाकाने त्याची दखल घेणं थांबवलंय. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाकातल्या वास टिपणाऱ्या पेशी आणि मेंदू दोघंही त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात, फ्रीजचा घरघराट जसा तो बंद पडेपर्यंत लक्षातच येत नाही तसं. यात तुमचं नाक खराब आहे असं काही नाही, सगळ्यांचंच असं होतं आणि ते चांगलंच आहे, नाहीतर नवीन वास, म्हणजे गॅस किंवा धूर, कळायचाच नाही. पण याचा अर्थ असा की तुमच्या अंगावर परफ्यूम किती शिल्लक आहे हे ठरवायला जगातलं सगळ्यात नालायक नाक कुठलं असेल तर ते तुमचं स्वतःचं. रोज तोच लावत असाल तर अजूनच, कारण मग सवय काही मिनिटांची राहत नाही, दिवसेंदिवस पक्की होत जाते.

यात अजून एक भानगड आहे. परफ्यूमच्या तळाशी, म्हणजे सगळ्यात शेवटपर्यंत उरणाऱ्या वासात, बहुतेक वेळा मस्क (कस्तुरीसारख्या वासाचे घटक) असतात, आणि आजकालचे मस्क म्हणजे हरणाच्या कस्तुरीशी संबंध नसलेले, लॅबमध्ये बनवलेले मोठे रेणू. (पहिला असा मस्क आल्बर्ट बाउर नावाच्या रसायनज्ञाला १८८८ मध्ये टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करताना अपघातानेच मिळाला, अवांतर म्हणून सांगतो.) हे रेणू जड असतात, आणि अनेकांच्या नाकाला त्यातला एखादा मस्क अजिबातच कळत नाही. बाकी सगळे वास व्यवस्थित येतात, फक्त तेवढा एक येत नाही. म्हणून परफ्यूम बनवणारे तीन-चार वेगवेगळे मस्क एकत्र घालतात, म्हणजे हा नाही तर तो तरी पोचेल. तुमच्या बाटलीत नेमका तुम्हाला न कळणारा मस्क भरपूर असेल तर वरचे लिंबाचे, फुलांचे वास उडाले की तुमच्या लेखी परफ्यूम संपला, आणि शेजारच्याला मात्र संध्याकाळपर्यंत घमघमाट.

जड-हलकं म्हणजे किती ते बघायचं तर लिमोनीन, म्हणजे लिंबू-संत्र्याच्या सालीत असतं ते, त्याचा रेणूभार १३६ आहे आणि गॅलॅक्सोलाइड या नेहमीच्या मस्कचा २५८. पहिला काही मिनिटांत हवेत जातो, दुसरा कपड्यावर दुसऱ्या दिवशीही असतो.

तपासायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. आज गळ्यात जो स्कार्फ किंवा ओढणी असेल ती रात्री एका पिशवीत बांधून ठेवा आणि उद्या सकाळी बाहेर मोकळ्या हवेत चक्कर मारून आल्यावर, काहीही लावायच्या आधी, ती पिशवी उघडून हुंगा. मग कळेल लोकांना काय येत होतं ते.

शिशमहल

बाष्पयुक्त यांनी नाकाचं सांगितलंय, मी निवडायचं सांगतो. घरात बाटल्यांचं एक अख्खं कपाट आहे त्यामुळे तेवढा अधिकार आहे असं समजतो, बायको वेगळं समजते.

ईडीटी, ईडीपीवरून सुरू करू. ढोबळमानाने कोलोनमध्ये सुगंधी तेल २ ते ४ टक्के, ईडीटीमध्ये ५ ते १५, ईडीपीमध्ये १५ ते २० आणि पार्फम किंवा एक्स्त्रेमध्ये त्याहून जास्त, बाकी बहुतांश अल्कोहोल. पण हे आकडे रिवाजाचे आहेत, एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकते असं सर्रास होतं. आणि मैत्रिणीचा जो समज आहे की ईडीपी म्हणजे तोच वास पण जास्त, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण दोन्हींचे फॉर्म्युले वेगळे असतात. शनेल नंबर ५ घ्या, मूळ पार्फम १९२१ चा, एर्नेस्ट बो यांचा, आणि त्याची ईडीपी आली १९८६ मध्ये, ती झाक पोल्झ यांनी केली. नाव एकच, बाटली जवळपास एकच, पण शेजारी शेजारी लावून बघा, सरळ सरळ दोन वेगळे सुगंध आहेत. तेव्हा ईडीटी आवडली म्हणून न हुंगता ईडीपी मागवायची नाही. आणि 'इंटेन्स' हा शब्द तर मार्केटिंगवाल्यांचा, त्यात अनेकदा व्हॅनिला आणि अंबर वाढवून गोडमिट्ट केलेलं असतं, हलका हिरवा वास आवडणाऱ्याला ते अजिबात झेपत नाही.

अजून एक, जास्त टक्के म्हणजे जास्त लांब पसरणार असंही नाही. कमी टक्केवाल्यात अल्कोहोल जास्त, हलके घटक जास्त, ते सुरुवातीला झपकन पसरतं आणि लवकर संपतं. एक्स्त्रे बऱ्याचदा अंगालगत राहतं पण तासन् तास राहतं. टिकणं वेगळं, पसरणं वेगळं. लोक या दोन्हीला मिळून 'स्ट्राँग' म्हणतात आणि तिथेच गडबड होते. मृगजळताई, तुम्हाला बहुतेक टिकणारं हवंय, पसरणारं नकोय, तेव्हा काउंटरवर 'स्ट्राँग दाखवा' म्हणू नका.

कागदाची पट्टी फक्त नापास करायला वापरायची, पास करायला नाही. पट्टीवर ज्याने तोंड वाकडं झालं तो बाद. जे दोन उरले ते एकेका हातावर, मनगटावर नको कारण मनगट आपण सारखं धुतो, कोपराच्या आतल्या बाजूला लावा, आणि दुकानातून बाहेर पडा. खरेदी करायची नाही! काउंटरवरच्या पोरांना विक्री करायची असते, त्यांच्या दृष्टीने पहिला वास हाच सगळा परफ्यूम, आणि कंपन्याही पहिल्या पाच मिनिटांवर जीव ओततात कारण लोक तेवढ्यातच पैसे काढतात. तुम्ही मात्र त्या पहिल्या पाच मिनिटांसोबत राहणार नसता, त्यानंतरच्या सहा तासांसोबत राहणार असता. अर्ध्या तासाने हुंगा, दोन तासांनी हुंगा, संध्याकाळी हुंगा. संध्याकाळी जे उरलंय ते आवडलं तर घ्या.

कागदावर आणि अंगावर वेगळा का, तर कागद थंड आणि कोरडा, अंग गरम आणि थोडं तेलकट. गरम असल्याने वरचे वास लवकर उडतात, आणि तेलकटपणाने खालचे धरून ठेवले जातात. शिवाय अंगाला स्वतःचा वास असतो, साबणाचा असतो, क्रीमचा असतो. त्वचेच्या पीएचने परफ्यूम बदलतो वगैरे जे सांगतात ते मी फार मनावर घेत नाही, कोरडी की तेलकट एवढं बघितलं तरी पुरे. कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि त्यावर मारा, फरक पडतो.

कॉफीच्या बियांचं म्हणाल तर निव्वळ नाटक. २०११ मध्ये यावर एक प्रयोगही प्रसिद्ध झालाय, कॉफी हुंगली काय, लिंबू हुंगलं काय आणि नुसती साधी हवा घेतली काय, पुढचा वास ओळखण्यात फरक पडला नाही. त्यापेक्षा स्वतःच्या बाहीत, जिथे काही लावलेलं नाही तिथे, नाक खुपसा आणि दोन मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा. आणि एका वेळी तीन-चारच्या वर जाऊच नका, पाचव्याला नाक न्याय देत नाही.

धापाधाप

इथे सगळे टिकणं पसरणं यावर बोलतायत म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मला दमा आहे. मागच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सद्गृहस्थ होते, माणूस सोन्यासारखा, पण सकाळी नऊला यायचे तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा, आणि मीटिंगची खोली म्हणजे खिडकी नसलेली, एसी आतलीच हवा फिरवणार, दार बंद केलं की वीस मिनिटांत माझी छाती आवळायला लागायची आणि मी पंप घेऊन बाहेर. त्यांना सांगणार कसं? कोणाला 'तुमच्या अंगाला वास येतो' म्हणणं किती अवघड आहे, आणि सुगंध येतो म्हणणं तर त्याहून अवघड, कारण समोरच्याला ते कौतुकच वाटतं. शेवटी सांगितलं तेव्हा बिचारे म्हणाले, "अहो पण मला तर येतच नाही, मला वाटायचं लागतच नाहीये." म्हणजे अगदी मृगजळताई म्हणतायत तेच. ते रोज एकेक फवारा वाढवत गेले होते.

तेव्हा माझं साधं म्हणणं, हात लांब करा, त्या अंतराच्या बाहेर तुमचा परफ्यूम जायला नको. मिठी मारणाऱ्याला यावा, लिफ्टमधल्याला येऊ नये. मायग्रेनवाले असतात, गरोदर बायका असतात ज्यांना वासाने मळमळतं, केमोथेरपी चालू असलेले असतात. हॉस्पिटलात कोणाला भेटायला जाताना, विमानात, थिएटरमध्ये, इंटरव्ह्यूला जाताना तर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शिशमहल

धापाधाप, हॉस्पिटल आणि विमान एकदम मान्य. पण इंटरव्ह्यूला लावूच नये हे जरा जास्त होतंय हो. एक फवारा, छातीवर, शर्टाच्या आत, घरातून निघायच्या तासभर आधी, याने कोणाला त्रास होत नाही. लोक अंघोळीनंतर जो साबण आणि डिओ लावतात त्याचा वास याहून जास्त असतो. दोष परफ्यूमचा नाही, प्रमाणाचा आहे.

धापाधाप

तुमच्या एका फवाऱ्याने नसेल होत. पण 'एकच फवारा मारलाय' असं सांगणारे किती लोक खरंच एक मारतात ते मला माहितीये. मी माझ्या मतावर ठाम.

फायाप्रेमी

सगळे परफ्यूमवरच अडकलेत, अत्तराचं कोणीच नाव काढेना. मृगजळताई, तुमचा प्रश्न अत्तराने सुटेल असं मला वाटतं. अल्कोहोल नाही, त्यामुळे तो पहिला भपकारा नाही, कुपीच्या काडीने एक टिपका कानामागे आणि एक मानेवर, किंवा कापसाचा फाया कानात, झालं काम. जवळ आलेल्यालाच दरवळ जाणवतो. पारंपरिक अत्तर म्हणजे उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचं, तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, खाली विस्तव, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात (वाफ जमवायच्या भांड्यात) उतरते तिथे आधीच चंदनाचं तेल असतं, तो सुगंध त्या तेलात मुरतो. तळाला चंदन असल्यामुळे अंगावर बराच वेळ राहतं. मातीचं अत्तरसुद्धा असंच भाजलेल्या मातीपासून काढतात, एकदा हुंगून बघाच. आणि सगळं नैसर्गिक, म्हणजे केमिकलची भीती नाही.

फक्त बघून घ्या, चंदनाचं तेल महाग झाल्यापासून बरेच लोक लिक्विड पॅराफिनमध्ये सिंथेटिक वास घालून 'अत्तर' म्हणून विकतात. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला त्या भावाने घेऊ नये.

बाष्पयुक्त

अत्तराच्या सुगंधाबद्दल दुमत नाही, मीही लावतो. पण 'नैसर्गिक म्हणजे भीती नाही' हे मात्र इथे असंच राहू देता येणार नाही, कोणी वाचून कच्चं तेल अंगाला चोळायचं.

बर्गमॉट नावाचं एक लिंबूवर्गीय फळ आहे, त्याच्या सालीचं तेल बऱ्याच परफ्यूममध्ये असतं. त्यात बर्गॅप्टेन नावाचा घटक नैसर्गिकरीत्याच असतो आणि तो त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं लाल होतं आणि मग तपकिरी डाग उरतात, कधी कधी महिनोन् महिने. पूर्वी मानेवर परफ्यूम ओघळलेल्या रेषेच्या आकाराचे डाग पडायचे, त्वचारोगाच्या पुस्तकांत त्याला वेगळं नावच आहे. आता चांगल्या कंपन्या बर्गॅप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात, पण सुटं इसेन्शियल ऑइल विकत घेऊन थेट मानेला लावलंत आणि उन्हात गेलात तर तुमची तुम्हीच जबाबदारी. ॲलर्जीचंही तसंच. लिनालूल आणि लिमोनीन हे लॅव्हेंडरपासून संत्र्यापर्यंत कित्येक वनस्पतींत असतात, ताजे असताना फारसे त्रासदायक नाहीत, पण हवा लागून त्यांचं ऑक्सिडेशन झालं की जे तयार होतं त्याने बऱ्याच लोकांना पुरळ येतं. त्वचेला ते कुठून आलंय याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

म्हणून युरोपात २६ सुगंधी घटकांची नावं लेबलवर लिहायची सक्ती बरीच वर्षं आहे आणि २०२३ च्या नव्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे नेलीये, त्यात नैसर्गिक तेलंही आहेत. लिलियल नावाचा एक फुलांसारख्या वासाचा घटक तर १ मार्च २०२२ पासून तिथे पूर्ण बंद झाला. तुम्हाला तुमचा जुना आवडता परफ्यूम 'आता पूर्वीसारखा राहिला नाही' असं वाटत असेल तर ते नुसतं स्मरणरंजन नसतं, असल्या नियमांमुळे खरोखरच फॉर्म्युला बदललेला असतो.

नवीन काहीही, अत्तर असो की परफ्यूम, कोपराच्या आत थोडंसं लावून एक-दोन दिवस बघायचं. खाज, पुरळ नाही तर मग मानेला. शेव्हिंग किंवा वॅक्सिंग केल्या केल्या त्या जागी नाही.

फायाप्रेमी

बरोबर आहे, 'भीती नाही' हे मी ओघात लिहून गेलो. पण अत्तर लावायचं प्रमाणच टिपक्याएवढं असतं हा मुद्दा राहतोच.

बाष्पयुक्त

तो मुद्दा शंभर टक्के मान्य.

मृगजळ_७

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. पिशवीचा प्रयोग करून बघितला. अहो, उघडली आणि मीच मागे सरकले, एवढा उग्र!! आणि गंमत म्हणजे जो वास आला तो मला ओळखीचाच वाटेना, मी जे फुलांचं म्हणून लावते त्यातलं फूल कुठेच नाही, नुसतं ते धुतलेल्या कपड्यांसारखं साबणी काहीतरी. म्हणजे लोक मला दिवसभर या वासाने ओळखतात तर. बाष्पयुक्त म्हणतात तो मस्क हाच का? पण मग काल तो मला पिशवीत आला कसा, मला तर तो कळत नाही ना?

आता अजून शंका. दुपारी मारायचं बंद, पण सकाळी नक्की किती आणि कुठे? मनगटावर मारून दोन्ही मनगटं घासायची की नाही, यावर घरात वाद आहेत. कपड्यांवर मारलेलं चालतं का? आणि ठेवायच्या कुठे, माझ्या सगळ्या बाथरूमच्या आरशाखालच्या फळीवर आहेत.

बाष्पयुक्त

साबणी, धुतलेल्या कपड्यांसारखं म्हणजे मस्कच, कारण डिटर्जंट आणि फॅब्रिक सॉफ्टनरमध्येही तेच घालतात, म्हणून तर तो वास आपल्याला 'स्वच्छ' वाटतो. तुम्हाला पिशवीत आला म्हणजे तुमचं नाक त्याला आंधळं नाहीये, फक्त दिवसभरात सरावतं. चांगली बातमी आहे. रात्रभर नाकाला विश्रांती मिळाली, वर मोकळी हवा मिळाली, म्हणून आला. यावर उपाय म्हणजे दोन-तीन बाटल्या आहेतच तर त्या अशा ठेवा की एकीचा तळ दुसरीसारखा नसेल, आणि मधे एखादा दिवस काहीच लावू नका.

अजून एक प्रकार सांगतो म्हणजे हा गोंधळ किती खोल आहे ते कळेल. आयसो ई सुपर नावाचा एक घटक आहे, १९७० च्या दशकातला, देवदाराच्या लाकडासारखा मऊ वास. लावणाऱ्याला तो मधेच येतो, मधेच जातो, काहींना अजिबात येत नाही, आणि भोवतालचे मात्र विचारतात काय लावलंय. २००६ मध्ये गेझा शोन यांनी नुसता तेवढा एकच घटक अल्कोहोलमध्ये घालून 'मॉलिक्यूल ०१' म्हणून बाजारात आणला आणि तो तुफान चालला. दुकानात हुंगून 'यात तर काहीच नाही, फसवतायत' म्हणणारे आणि त्यावर जीव टाकणारे असे दोन्ही लोक एकाच बाटलीसमोर उभे असतात, आणि आपापल्या नाकापुरते दोघंही खरे असतात. व्हायलेटच्या फुलातल्या बीटा-आयोनोनचंही तसंच, एका जनुकातल्या छोट्याशा फरकाने काहींना तो फुलासारखा गोड येतो आणि काहींना आंबट, बोचरा. म्हणून दुसऱ्याने लिहिलेले रिव्ह्यू वाचून बाटली मागवायची नाही, त्याचं नाक तुमचं नाक नाहीये.

शिशमहल

लावायचं सांगतो. ऑफिसला ईडीटी असेल तर दोन फवारे, ईडीपी असेल तर एक, फार तर दीड (दीड म्हणजे दुसरा लांबून). बाटली अंगापासून वीतभर लांब धरून. जागा माझ्या मते छाती, कपड्याच्या आत. तिथे ऊब असते त्यामुळे हळूहळू येत राहतो, कपड्याने थोडा दबतो, आणि तुमच्या नाकाखाली सतत नसल्याने तुमचंही नाक जरा उशिरा सरावतं. मानेवर समोर मारलात तर दिवसभर तुम्हीच त्या ढगात, मग येणार कसा. मागे मानेवर मारला तर चालतो. हवेत फवारून त्यातून चालत जायचं ते सिनेमात ठीक, अर्धा परफ्यूम फरशीला लागतो.

मनगटं घासू नका. घासल्याने रेणू 'चुरडतात' वगैरे काही नसतं, पण घर्षणाने गरम होऊन वरचे हलके वास पटकन उडतात आणि सुरुवात बिघडते एवढं खरं. नुसतं मारायचं आणि वाळू द्यायचं. वाळेपर्यंत गॅसजवळ जायचं नाही, हेही सांगतो, बहुतांश अल्कोहोल आहे ते.

कपड्यांवर टिकतो जास्त, कारण कापड थंड असतं. सुती, लोकरी कपड्याला आतल्या बाजूने चालेल. रेशमी किंवा पांढऱ्या कपड्यावर अजिबात नको, डाग पडतो आणि तो जात नाही, विशेषतः व्हॅनिलावाले परफ्यूम, व्हॅनिलिन वेळ जाईल तसं तपकिरी होत जातं. मोती असतील तर परफ्यूम आधी, तो वाळल्यावर मोती, अल्कोहोलने मोत्यांची चमक जाते.

रानजाई

नुसती वाचत होते पण बाथरूमची फळी वाचून राहवलं नाही. मृगजळ, आजच्या आज काढ त्या तिथून! गरम पाण्याची वाफ, मग गार, मग परत वाफ, आणि वर दिव्याचा उजेड, परफ्यूमचे तीन वैरी म्हणजे उष्णता, उजेड आणि हवा, त्यातले दोन तर तिथे रोज हजर. कपाटात, खोक्यासकट, अंधारात ठेव. आरशासमोर रांगेत छान दिसतात हे मान्य, पण मग रिकाम्या बाटल्या लाव रांगेत. फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोतेक म्हणून जुन्या परफ्यूमचं संग्रहालय आहे, १९९० पासूनचं, तिथे बाटल्या १२ अंशाला अंधारात ठेवतात आणि आत हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात. आपल्याला आर्गॉन नको, पण खालचं कपाट परवडतं की.

आणि ते पर्समधल्या छोट्या बाटलीत थोडं थोडं काढून ठेवतेस ना, ते लवकर संपव, छोट्या बाटलीत हवा जास्त शिरते. वरचे लिंबासारखे वास आधी मरतात. उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरसारखं किंवा व्हिनेगरसारखं आलं आणि पाच मिनिटांनी पण तसंच राहिलं तर गेली म्हणायची. नुसता रंग गडद झाला म्हणून टाकू नको, रंग बदलूनही वास ठणठणीत असतो कधी कधी.

टिंगूमिंगू

धाग्याचा थोडा गैरफायदा घेतो. बहिणीला वाढदिवसाला परफ्यूम द्यायचाय, सरप्राइज. ती कुठला लावते मला माहीत नाही. काय घेऊ?

खडूस

पुस्तक.

शिशमहल

खडूस, अहो. टिंगूमिंगू, सरप्राइज ठेवायचंच असेल तर मोठी बाटली नको, दीड-दोन मिलीच्या सॅम्पलचा सेट मिळतो तो घ्या, आठवडाभर रोज एक लावून तिला जो संध्याकाळीही आवडेल त्याची मोठी बाटली नंतर. किंवा तिच्या ड्रॉवरमध्ये डोकावून अर्ध्याहून जास्त संपलेली बाटली कुठली ते बघा आणि तीच, नाव, ईडीटी की ईडीपी, सगळं जुळवून आणा. कोपऱ्यात धूळ खात असलेली भरलेली बाटली दिसली तर ती कोणीतरी सरप्राइज दिलेली असते.

धापाधाप

आणि तिच्या शेजारी कोण बसतं तेही विचारा :)

मृगजळ_७

फळी रिकामी केली. खोकी मात्र सगळी कधीच टाकून दिलीत, नुसत्या बाटल्या कपड्यांच्या कपाटात उभ्या ठेवल्या तर चालतील ना, की आडव्या?

रानजाई

उभ्याच. आडव्या ठेवल्यास तर पंपाच्या खाचेतून झिरपतो आणि सगळ्या कपड्यांना लागतो. खोकी नसतील तर जाड मोज्यात घालून ठेव एकेक.